खापराची खरवड कशी वाचावी: प्रागैतिहासिक भांड्यांतून वनस्पतिजन्य अन्नाचा शोध

पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड किती चिवट असते, हे भांडी घासणाऱ्याला ठाऊक असतं. पुरातत्त्वाला हाच चिवटपणा कामी येतो. झिलई नसलेलं मातीचं मडकं तर अन्न नुसतं चिकटवून घेत नाही, शोषूनही घेतं. तेल, मेण, पिठूळ कण हे सगळं मातीच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. तीन-चार हजार वर्षांनी त्या मडक्याचं खापर हाती येतं तेव्हा यातलं बरंचसं गेलेलं असतं, पण सगळं नाही.

मांस आणि दूध यांच्या खुणा खापरात त्या मानाने सहज सापडतात, कारण त्यांत चरबी भरपूर असते. धान्य, कडधान्य, कंद, पालेभाजी यांत ती जेमतेम असते. एकाच मडक्यात दहा वेळा जवाच्या कण्या आणि एकदा मटण शिजलं असेल, तरी रासायनिक तपासणीत मटणच मोठ्याने बोलतं. म्हणून वनस्पती शोधायच्या तर एका पद्धतीवर विसंबून चालत नाही. एकाच खापरातून तीन वेगवेगळे पुरावे, ठरलेल्या क्रमाने, एकमेकांना न बिघडवता काढावे लागतात. या कामातलं खरं कौशल्य त्या क्रमात आहे.

समजायला सोपं जावं म्हणून दख्खनची ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातली) गावं नजरेसमोर ठेवू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. वस्तीचा काळ साधारण इ. स. पू. १६०० ते ७००, आणि त्यातला मोठा भाग जोर्वे संस्कृतीचा, म्हणजे दख्खनच्या त्या काळातल्या शेतकरी संस्कृतीचा. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून तिथे जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ आणि बोरं होती हे कळलं. पण दाणे घरात काय होतं तेवढं सांगतात. जव भाजून त्याचं सातू केलं, भरडून कण्या शिजवल्या की कुळथात घालून एकत्र रटरटवला, हे दाण्यांवरून कळत नाही. ते खापराला विचारावं लागतं.

आधी प्रश्न, मग खापर

‘लोक काय खात होते?’ हा प्रश्न नमुना घेण्यासाठी निरुपयोगी आहे. त्यावरून कोणतं खापर घ्यायचं ते ठरत नाही. ‘जाड, हाताने घडवलेल्या काजळी धरलेल्या मडक्यांत धान्य शिजत होतं का, आणि रंगवलेल्या तोटीच्या भांड्यांपेक्षा त्यांच्यातलं अन्न वेगळं होतं का?’ हा प्रश्न चालेल. त्यातूनच भांड्यांचे दोन गट, थर आणि नमुन्यांची संख्या निघते. एका कालखंडातल्या एका प्रकारच्या भांड्याची किमान वीस खापरं हवीत. उष्ण हवामानात आणि चुनखडीयुक्त जमिनीत त्यातली निम्मी काहीच सांगत नाहीत, हे गृहीत धरूनच आकडा ठरवावा.

कोणत्या पुराव्यात कोणता काळ साठलेला असतो, हेही आधीच लक्षात घ्यावं. अमेरिकेत काही संशोधकांनी झिलई नसलेल्या मडक्यांत वर्षभर ठरावीक पदार्थ शिजवले, शेवटी पदार्थ बदलले आणि निकाल २०२० मध्ये मांडला. करपून चिकटलेल्या खरवडीत शेवटच्या एक-दोन वेळचं जेवण दिसलं. मडक्याच्या अंगात मुरलेल्या स्निग्धांशात त्याआधीच्या कितीतरी जेवणांची सरमिसळ होती. त्यामुळे खरवडीत जव आणि अंगात बोकडाची चरबी सापडली, तर ते निकाल एकमेकांविरुद्ध जात नाहीत. ते दोन वेगळ्या दिवसांबद्दल बोलत असतात.

खड्ड्यात असतानाच काय करायचं

निम्मं नुकसान प्रयोगशाळेच्या बाहेर होतं. आपल्याकडे खापर निघालं की घमेल्यात टाकून, ब्रशने घासून, उन्हात वाळत घालायची रीत आहे. आकार आणि नक्षी अभ्यासायला ती ठीक आहे, पण अवशेषांसाठी ती घातक आहे. निवडलेली खापरं धुण्याच्या रांगेत जाण्याआधीच वेगळी काढली पाहिजेत, आणि हे काम खड्ड्यावर एका ठरावीक माणसाकडे असावं.

निवड अशी करावी. घराची जमीन, चूल, राखेचा खड्डा अशा बंदिस्त जागेतलंच खापर घ्यावं. नांगरटीच्या थरातलं घेऊ नये. उकळताना चरबी वर तरंगते, म्हणून काठ, गळा आणि खांद्याचा भाग बुडापेक्षा जास्त स्निग्धांश धरून ठेवतो. खरवड मात्र बहुधा आतून बुडाला किंवा काठाच्या आतल्या बाजूला असते. शक्य असेल तर एकाच मडक्याचे दोन्ही भाग घ्यावेत. आकार निदान चार सेंटिमीटर आणि जाडी सहा मिलिमीटरच्या वर असावी, म्हणजे नमुना काढूनही खापर उरतं.

काळ्या जमिनीची एक खोड आहे. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात. वरच्या शेतातली ज्वारी, गवताची मुळं, आजचं परागकण असं सगळं त्या भेगांतून खाली जातं. भेगेला लागून असलेलं खापर कितीही आकर्षक दिसलं तरी बाजूला ठेवावं. खापर कशाजवळ होतं, भेग किती अंतरावर होती, मुळं चिकटली होती का, हे वहीत लिहावं. नंतर ते आठवत नाही.

उचलताना पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घालावेत. पावडर लावलेल्या हातमोज्यांत मक्याचा स्टार्च असतो, आणि त्याने पिठूळ कणांचा सगळा अभ्यास वाया जातो. खापर स्वच्छ अ‍ॅल्युमिनिअम फॉइलमध्ये गुंडाळून कागदी पाकिटात ठेवावं. थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकू नये. प्लॅस्टिक मऊ ठेवणारी थॅलेट नावाची रसायनं खापरात उतरतात आणि पुढे यंत्राच्या आलेखावर त्यांचीच शिखरं दिसतात. नंबर खापरावर लिहू नये, पाकिटावर लिहावा. वॉर्निश, फेविकॉल, नेलपॉलिश यांतलं काहीही लावू नये. ओलं खापर बंद करू नये, बुरशी येते आणि बुरशीचे स्वतःचे स्निग्धांश असतात. सावलीत वाळवावं.

प्रत्येक खापराबरोबर मातीचे दोन नमुने हवेत. एक खापराला चिकटलेल्या मातीचा, दुसरा त्याच थरातून हातभर अंतरावरचा, प्रत्येकी सुमारे ३० ग्रॅम. हे नमुने नसतील तर पुढचा कुठलाही निष्कर्ष टिकत नाही. ‘जागा नव्हती’ म्हणून माती टाकून दिली असेल, तर ते खापर अवशेषांच्या यादीतून काढून टाकलेलं बरं.

एक कायदेशीर बाब: उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि खापर फोडून, पूड करून तपासायचं असेल तर संग्रहाच्या ताब्यातल्या संस्थेची लेखी परवानगी लागते. शेतात फिरताना पांढरीच्या टेकाडावरून उचललेलं खापर या कामाला उपयोगी नाही. त्याला थर नाही, म्हणून अर्थही नाही.

टेबलावर: आधी नुसतं बघणं

फॉइल उघडल्यावर पहिला अर्धा तास फक्त बघण्यात घालवावा. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली दहा ते चाळीस पट मोठं करून आतली बाजू, बाहेरची बाजू आणि तुटलेली कड पाहावी आणि छायाचित्रं घ्यावीत.

काळं दिसणारं सगळं अन्न नसतं. बाहेरची काजळी पातळ, मऊ आणि बोटाला लागणारी असते, तिला जाडी नसते. खरवडीला जाडी असते. तिच्यावर फुगे फुटल्याच्या खळ्या असतात, तडे असतात, कधी साल किंवा भुसा अडकलेला असतो. मँगनीजचे डाग काळे, चकचकीत आणि झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले असतात. ते तुटलेल्या कडेवरही दिसले तर ते जमिनीतून आले आहेत हे उघड आहे. दख्खनमध्ये खापरावर चुन्याचा पांढरा पापुद्राही चढतो. तो आम्लाने काढायचा मोह आवरावा. धारदार पात्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, लागेल तेवढाच खरवडावा.

मग क्रम ठरवायचा: आधी खरवड, नंतर पिठूळ कण आणि वनस्पतींचे गारकण (पेशींत साठलेले सिलिकाचे कण), शेवटी स्निग्धांशासाठी ड्रिल. हा क्रम उलटा झाला तर ड्रिलची उष्णता आणि धूळ बाकीचं सगळं बिघडवते. खापराचा किमान एक तृतीयांश भाग अजिबात न शिवता राखून ठेवावा. दहा वर्षांनी अधिक चांगली पद्धत आल्यावर तो लागेल.

खरवड

नवं स्कॅल्पेल पातं, खाली फॉइल, आणि हळूहळू खरवडणं. खापराच्या अंगापर्यंत पोचू नये, नाहीतर मडक्याची माती मिसळते. मिळालेल्या खरवडीचे तीन वाटे करावेत: दोन ते पाच मिलिमीटरचे अखंड तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, एक-दोन मिलिग्रॅम पूड कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंसाठी), दहा ते वीस मिलिग्रॅम स्निग्धांशासाठी. एवढी खरवड नसेल तर पहिला वाटा राखावा. वनस्पतींचं सर्वांत थेट चित्र तोच देतो.

तुकडा ताजा मोडून मोडलेली बाजू वर ठेवावी, कार्बनच्या टेपवर बसवावा आणि सोन्याचा पातळ थर देऊन ५० ते १००० पट मोठा करून पाहावा. शोधायचं आहे ते कोंड्याच्या पेशींचं जाळं. दाण्याच्या सालीखाली अल्युरोन नावाचा चौकोनी पेशींचा थर असतो. गव्हात तो एकाच पेशीचा असतो, जवात दोन ते चार पेशींचा. दाणा पूर्ण भरडून, करपून गेला तरी हा फरक कित्येकदा टिकतो आणि जव-गव्हाचा वाद तिथेच मिटतो. कडधान्याच्या सालीत उभ्या खांबांसारख्या पेशींची रांग दिसते. कोंडा अजिबात नसेल आणि सगळीकडे गुळगुळीत, फेसाळ पोत असेल, तर चाळलेलं पीठ, गाळलेली पेज किंवा भाजीचा रस असू शकतो. तिथे धान्याचं नाव घ्यायची घाई करू नये.

ओळख पटवायला तुलनेचा संग्रह स्वतः तयार करावा लागतो. पुस्तकातले फोटो पुरत नाहीत, कारण ते बहुतेक कच्च्या दाण्यांचे असतात. कुंभाराकडून झिलई नसलेली छोटी मडकी आणावीत. एकेकात जव, गहू, कुळीथ, मसूर, वाल, राळा, वरी वेगवेगळं शिजवावं, नंतर जव-कुळीथ मिसळून. दाट झाल्यावर बुडाला लागू द्यावं, पूर्ण करपू द्यावं, आणि तीच खरवड त्याच यंत्राखाली पाहावी. भरडलेलं, दळलेलं, अख्खं असे तिन्ही नमुने हवेत. यात महिना जातो, पण पुढचा सगळा आधार यावरच आहे. प्रश्नातल्या गावांचं धान्य घ्यावं. जुनी स्थानिक वाणं मिळाली तर उत्तम.

समस्थानिकांबद्दल थोडक्यात. गहू, जव, भात, कडधान्यं यांचं कार्बन-१३ चं मूल्य साधारण उणे २६ दर हजारीच्या आसपास असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, वरी यांचं उणे १२ च्या आसपास. फरक मोठा आहे, म्हणून खरवडीत ढोबळमानाने कोणत्या गटाचं अन्न होतं ते कळतं. नायट्रोजन जवळजवळ नसेल तर ती पिष्टमय पदार्थांची खूण असते. मात्र गुरं जर कडब्यावर किंवा अशाच गवतावर वाढली असतील, तर त्यांच्या दुधा-मांसातही उणे १२ कडे झुकलेलं मूल्य येतं. ज्वारी शिजली की ज्वारीच्या ताटांवर पोसलेल्या गाईचं दूध तापवलं, हे एकटा हा आकडा सांगू शकत नाही. आपल्या भागात ही चूक फार सहज होते.

पिठूळ कण

स्टार्चचे कण दोन ते शंभर मायक्रॉनचे असतात, आणि ध्रुवित प्रकाशात त्यांच्यावर फुली उमटते. काम करायची रीत अशी:

१. खापराची आतली बाजू कोरड्या, नव्या ब्रशने झाडावी. झाडलेली माती हा पहिला नमुना.

२. ऊर्ध्वपातित पाण्याने आणि दुसऱ्या नव्या ब्रशने धुवावी. हे पाणी दुसरा नमुना.

३. खापर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून पाच मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या यंत्रात) धरावं. छिद्रांत अडकलेले कण यात निघतात. हा तिसरा नमुना.

४. तिन्ही वेगवेगळे सेंट्रिफ्यूज करावेत, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून गाळ खाली बसवावा. काळ्या मातीची चिकण कणांना धरून बसते, म्हणून पाच टक्के सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटमध्ये रात्रभर हलवावं आणि स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावं. ही पायरी गाळली तर पुढे सूक्ष्मदर्शकाखाली नुसता राडा दिसतो.

५. सोडियम पॉलिटंगस्टेटचं १.७५ घनतेचं द्रावण घालून सेंट्रिफ्यूज करावं. स्टार्च हलका म्हणून वर येतो. वरचा थर पिपेटने काढून, तीनदा धुऊन, निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं पाणी यात काचपट्टीवर घ्यावा.

६. खाली उरलेल्या गाळातून गारकण काढायचे असतील तर आता हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळून २.३ घनतेच्या द्रावणात तरंगवावेत. पेरॉक्साइड आधी वापरलं तर स्टार्च संपला.

निष्कर्षाचा नियम सोपा पण कडक आहे. तिसऱ्या नमुन्यातले कण पहिल्या नमुन्यातल्या आणि सोबतच्या मातीतल्या कणांपेक्षा ठळकपणे जास्त आणि वेगळे असतील, तरच ते मडक्याचे. तिन्हींत सारखेच असतील तर ते जमिनीचे.

ओळखताना: गहू आणि जव यांत मोठे बहिर्गोल कण आणि अगदी लहान गोल कण असे दोन आकार एकत्र दिसतात, आणि दोघांना एकमेकांपासून वेगळं करणं अवघड आहे. कडधान्यांचे कण राजम्याच्या आकाराचे, मधोमध लांब चीर असलेले. ज्वारी-बाजरीचे बहुकोनी, मध्यभागी ताऱ्यासारखी चीर. तांदळाचे इतके लहान आणि टोकदार की ते सुटण्याचीच शक्यता जास्त. हळद आणि आलं यांचे कण चपटे, लांबट, आणि फुलीचं केंद्र एका निमुळत्या टोकाला.

हळदीचं प्रसिद्ध उदाहरण हरियाणातल्या फरमाण्याचं. हडप्पा संस्कृतीच्या या गावात डेक्कन कॉलेजने जपानी संशोधकांसोबत उत्खनन केलं. अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तिथल्या भांड्यांत आणि माणसांच्या दातांवर हळद आणि आल्याचा स्टार्च ओळखला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यापासून एक सावधगिरी आपण घ्यावी. हळदीच्या कुळात रानटी जाती भरपूर आहेत, आणि सह्याद्रीत तर पावसाळ्यात जागोजागी रानहळद उगवते. दख्खनच्या खापरात असा कण सापडला आणि तुलनेच्या संग्रहात रानहळद, आंबेहळद नसेल, तर ‘हळद’ असं न लिहिता ‘हळदीच्या कुळातला कंद’ एवढंच लिहावं.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. स्टार्च पाण्यात साधारण ६० ते ८० अंशांना फुगतो, त्याची फुली जाते, तो खळ होतो. मग भाजी-आमटी उकळणाऱ्या मडक्यात अखंड, झळझळीत फुली असलेले कण आले कुठून? काठाशी कोरडं पीठ लागलं असेल, मडकं साठवणीसाठी वापरलं असेल, पाणी कमी असताना दाणे भाजले असतील, किंवा ते आजचं प्रदूषण असेल. अखंड कणांसोबत फुगलेले, फुली पुसट झालेले कणही दिसले तर विश्वास वाढतो. फक्त अखंड कण, तेही भरपूर, असं चित्र असेल तर आधी प्रयोगशाळेवर संशय घ्यावा.

प्रयोगशाळेची परीक्षा अशी: ग्लिसरीनचा थेंब लावलेल्या उघड्या काचपट्ट्या टेबलावर, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), सेंट्रिफ्यूजजवळ २४ तास ठेवाव्यात आणि दर आठवड्याला तपासाव्यात. मका आणि बटाटा हे आपले इशारेवाले. दोन्ही अमेरिकेतून आले, तेही सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर. ताम्रपाषाणयुगीन खापरात मक्याचा एक कण दिसला तरी त्या दिवसाचं सगळं काम थांबवून स्रोत शोधावा. काचसामान पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून धुवावं. नुसत्या साबणाने स्टार्च जात नाही. डबा त्या खोलीत खाऊ नये, टिश्यू पेपर वापरू नये.

गारकणांचं थोडक्यात. वनस्पती जमिनीतली सिलिका पेशींत साठवतात, आणि ती आगीतही टिकते. तुसातल्या गारकणांवरून भात, जव-गहू, राळा आणि वरी वेगळे ओळखता येतात. राळ्याच्या तुसातल्या कडा ग्रीक ओमेगा (Ω) या अक्षरासारख्या, वरीच्या ईटासारख्या (η). पण उखळात नीट कांडलेल्या धान्यात तूस उरतच नाही, आणि कडधान्यं फार कमी गारकण बनवतात. म्हणून न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. उलट एखादी अनपेक्षित गोष्ट यातूनच हाती लागते. डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीतल्या सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खरवडीत लसूण-मोहरी नावाच्या रानटी झाडाच्या बियांचे गारकण सापडले. या बियांत पोषण जवळजवळ नाही, चव मात्र तिखट. मासे आणि मांसाच्या कालवणाला लोक मसाला लावत होते, हे २०१३ मध्ये अशा रीतीने कळलं.

मुरलेला स्निग्धांश

हा भाग सुसज्ज रसायन प्रयोगशाळेतच करावा. मिथेनॉल, हेक्झेन आणि तीव्र गंधकाम्ल एकत्र हाताळायचं असतं. फ्यूम हूड, चष्मा आणि अनुभवी माणूस यांशिवाय सुरुवात करू नये.

आतल्या बाजूचा वरचा एक-दोन मिलिमीटर थर कमी वेगाने ड्रिल करून टाकून द्यावा, मातीचं आणि हातांचं प्रदूषण त्यात असतं. मग त्याच जागेवरून पाच मिलिमीटर खोलीपर्यंत एक ग्रॅम पूड घ्यावी. ड्रिलची टीप दोन खापरांच्या मध्ये डायक्लोरोमिथेनने धुवावी, काचेच्या बाटल्या भट्टीत ४५० अंशांना भाजून घेतलेल्या असाव्यात.

पुडीत मोजमापासाठी प्रमाण म्हणून ३४ कार्बनचं अल्केन (कार्बनची साखळी असलेलं हायड्रोकार्बन) दहा मायक्रोग्रॅम घालावं. चार मिलिलिटर मिथेनॉल, १५ मिनिटं सोनिकेटर. मग ०.८ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल थेंब-थेंब, मिथेनॉलमध्येच. ७० अंशांना चार तास. थंड झाल्यावर सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव घ्यावं आणि प्रत्येकी दोन मिलिलिटर हेक्झेनने तीनदा निथळावं. नायट्रोजनच्या मंद झोतात वाळवावं, यंत्रात घालण्याआधी ३६ कार्बनचं अल्केन दुसरं प्रमाण म्हणून घालावं. प्रत्येक फेरीत खापराशिवायची एक कोरी बाटली याच सगळ्या पायऱ्यांतून न्यावी. तिच्यात जे दिसेल ते सगळं निष्कर्षातून वजा.

आम्ल का? चुनखडीच्या जमिनीत मेदाम्लं कॅल्शियमबरोबर साबण बनवून बसतात आणि साध्या द्रावकात सुटत नाहीत. आम्ल त्यांना सोडवतं. तोटा असा की मेणाची मूळ रचना त्यात तुटते. खापर पुरेसं असेल तर दुसरा ग्रॅम डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉलच्या दोनास एक मिश्रणात वेगळा निथळून, त्याला वाफ होण्याजोगं करणारा ट्रायमिथिलसिलिल गट जोडून पाहावा. स्टेरॉल आणि लांब साखळीचे अल्कोहोल त्यातच नीट दिसतात.

गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणू वेगळे करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रात) तापमान ५० अंशांवर दोन मिनिटं, मग मिनिटाला दहा अंश वाढवत ३२५ पर्यंत, आणि तिथे १५ मिनिटं थांबावं. शेवटची पंधरा मिनिटं वाचवू नयेत. वनस्पतींचे स्टेरॉल आणि वरीची खूण असलेलं मिलिअ‍ॅसिन उशिराच येतात. एका ग्रॅम खापरात एकूण स्निग्धांश पाच मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर अर्थ लावू नये.

आता वाचन. पामिटिक हे मेदाम्ल स्टिअरिक या दुसऱ्या मेदाम्लाच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर वनस्पतीची शक्यता असते, पण ही एकटी खूण कच्ची आहे. जमिनीत मुरताना हे प्रमाण बदलतं. त्याच्यासोबत २९, ३१, ३३ अशा विषम कार्बनची अल्केनं आणि सम कार्बनचे लांब अल्कोहोल आले, आणि ते मातीच्या नमुन्यात नसले, तर पानांचं मेण म्हणता येतं. इंग्लंडमधल्या राउंड्स इथल्या सॅक्सन काळातल्या भांड्यांत २९ कार्बनच्या अल्केनबरोबर त्याचा कीटोन आणि अल्कोहोल सापडले. हे त्रिकूट कोबी-मोहरीच्या गटाचं. कोलेस्टेरॉल आणि स्क्वालीन दोन्ही जोडीने दिसले तर ते प्राण्याचं मांस नव्हे, बोटांचे ठसे आहेत.

धान्यांसाठी खास खुणा मोजक्या आहेत. वरीत मिलिअ‍ॅसिन भरपूर असतं, इतर काही तृणधान्यांत थोडं. कोरियातल्या आणि पोलंडमधल्या भांड्यांत त्यावरून २०१६ मध्ये वरी ओळखली गेली. गव्हाच्या कोंड्यातली अल्किल रिसॉर्सिनॉल ही आणखी एक खूण, पण ती मडक्यात फार कमी शोषली जातात आणि लवकर नष्ट होतात. स्कॉटलंडच्या तळ्यातल्या नवपाषाणयुगीन भांड्यांत, सतत पाण्याखाली राहिल्यामुळे, गव्हाच्या खुणा टिकल्या. उन्हाने तापणाऱ्या दख्खनच्या जमिनीत ती अपेक्षा ठेवून नमुना खर्च करू नये.

मेदाम्लांची स्वतंत्र समस्थानिकं मोजताना पुन्हा तीच अडचण. स्टिअरिकच्या कार्बन-१३ च्या मूल्यातून पामिटिकचं वजा केल्यावर उत्तर उणे ३.३ च्या खाली गेलं तर दूध, उणे १ ते उणे ३.३ मध्ये आलं तर रवंथ करणाऱ्या जनावराची चरबी, असं सर्वसाधारण मानतात. पण एकाच मडक्यात जव आणि कडब्यावरच्या जनावराची चरबी मिसळली की हा आकडा दोन्हींपासून सरकतो. वायव्य भारतातल्या हडप्पाकालीन वस्त्यांच्या १७२ खापरांच्या अभ्यासात अशी सरमिसळ आणि टिकून राहण्याचे प्रश्न प्रत्यक्ष समोर आले. आपल्या खापरांवर युरोपची कोष्टकं जशीच्या तशी लावू नयेत. स्थानिक गाई-शेळ्यांचं दूध-तूप, स्थानिक धान्य-तेलबिया यांची मूल्यं मोजून आपली कोष्टकं बनवावीत.

काय लिहावं आणि काय नाही

अहवालात किती खापरं घेतली, किती रिकामी निघाली, किती टाकून दिली हे आधी यावं, नावं नंतर. ‘जव’ असं तेव्हाच लिहावं जेव्हा खरवडीत बहुपेशी अल्युरोन दिसला असेल. फक्त दोन आकारांचे स्टार्च कण असतील तर ‘गहू किंवा जव’. फक्त पामिटिक जास्त असेल तर ‘वनस्पतिजन्य तेलाची शक्यता’, त्यापुढे नाही. दोन स्वतंत्र पद्धती एकच सांगत असतील आणि मातीचे नमुने रिकामे असतील, तर खात्रीने लिहावं. आणि ज्या खापरात फक्त प्राण्यांची चरबी दिसली, त्याबद्दल ‘यात वनस्पती शिजवल्या नाहीत’ असं कधीही लिहू नये.

उरलेलं खापर परत फॉइलमध्ये. निथळलेले अर्क उणे २० अंशांवर, टेफ्लॉनचं बूच असलेल्या काचेत. काचपट्ट्यांच्या कडा सीलबंद करून, आडव्या ठेवून, प्रत्येक ओळखलेल्या कणाची जागा वहीत नोंदवून ठेवावी, म्हणजे दुसरा कुणी तोच कण शोधून स्वतः पाहू शकेल.